रियाधमधल्या नारळीच्या बागेत

सौदीहून परत येऊन महिना होत आला, तरी वाटेत कोणी भेटलं की विचारतंच, "तलाठीबाई, काय काय पाहिलंत तिकडे?" लोकांना उंट, खजूर आणि सोन्याची दुकानं ऐकायची असतात. उंट मी एकच पाहिला, तोही टेम्पोत बसून कुठेतरी चाललेला. खजूर पोटभर खाल्ले. सोन्याच्या दुकानात लेकीने नेलंच नाही. बाकी बहुतेक दिवस दुपारी तीन ते चार मी नारळीच्या बागेत होते, असं सांगितलं की समोरचा माणूस विषय बदलतो. म्हातारीला ऊन लागलं, असं त्याला वाटत असावं.

बाग टीव्हीतली होती. फिलिपिन्स देशातल्या एका मालिकेतली. त्यातलं एक वाक्य मला कळत नव्हतं, मालिकेचं नाव मला शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही, आणि तरी त्या मालिकेपायी मी जे करायला गेले होते ते न करता परत आले. हे असं कसं झालं ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. लिहिताना उलगडलं तर बघू, म्हणून लिहायला बसले आहे.

रियाध, पहिला आठवडा

माझी लेक रेश्मा रियाधच्या एका हॉस्पिटलात डायलिसिसची नर्स आहे. जावई संदेश तिथून विमानानेच जावं लागेल इतक्या लांब, तांबड्या समुद्राच्या काठी, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी नावाच्या नव्या शहरात बंदरावरच्या क्रेन दुरुस्त करतो. नवराबायको महिन्यातून एकदा भेटतात. मी पोचले तेव्हा नात जुई तीन आठवड्यांची होती. रेश्माची रजा आणि माझा व्हिसा साधारण एकाच सुमारास संपणार होते. तेव्हा मी जुईला घेऊन गुहागरकडच्या आमच्या गावी यायचं, आणि दोघांना एका ठिकाणी राहायला मिळेपर्यंत, दोन-तीन वर्षं, मीच तिला सांभाळायचं, असा बेत होता. मी, संदेश आणि त्याची आई, आम्ही तिघांनी तो जुई जन्माला यायच्या आधीच फोनवर पक्का केला होता. आमचे हे गेल्यापासून घरात मी एकटीच. सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

रियाध हे भाजलेल्या रव्याच्या रंगाचं शहर आहे. घरं, भिंती, आकाशाची कड, सगळं एकाच रंगात. रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या बाजूचा माणूस ओळखू येणार नाही, पण माणूस नसतोच, गाड्या असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे पाय मोकळे करायला बाहेर पडले. पाच मिनिटांत एक गाडी थांबली. पांढऱ्या झग्यातल्या गृहस्थांनी काच खाली करून काळजीने काहीतरी विचारलं, मी मान हलवली, त्यांनी पाण्याची बाटली दिली. पुढे दुसरी गाडी थांबली. मग तिसरी. तिथे बाईमाणूस पायी चालतंय म्हणजे काहीतरी बिघडलंय असाच अर्थ होतो. मी तीन बाटल्या काखोटीला मारून घरी आले आणि रेश्मा हसून हसून खाली बसली.

"आई, प्लीज. गच्चीवर फिर," ती म्हणाली.

पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी मायलेकी झोपल्या होत्या. मी दार उघडून जिन्यात उभी राहिले आणि मला सुक्या मासळीचा वास आला. समुद्र एवढा लांब, आजूबाजूला नुसतं वाळवंट, आणि तव्यावर सुका बांगडा टाकल्याचा वास! मला आधी वाटलं घरची आठवण नाकात शिरली. पण वास खालून येत होता. मी पायरी पायरी उतरत खालच्या मजल्यावर गेले. एक दार किलकिलं होतं आणि आत चाळिशी उलटलेली, ठेंगणी, केस वर बांधलेली एक बाई घाईघाईने खिडक्या उघडत होती.

मला पाहून ती दचकली. "सॉरी मॅडम! स्मेल?"

आधी कोणीतरी तक्रार केली असणार. माझं इंग्रजी सरकारी आहे, अर्जाला उत्तर देण्यापुरतं. मी म्हटलं, "नो, नो. आय ॲम फ्रॉम दिस स्मेल."

ती हसायला लागली आणि मला हाताला धरून आतच घेऊन गेली. तिचं नाव मरिसेल. रेश्माच्याच हॉस्पिटलात, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करतात त्या विभागात ती कायम रात्रपाळीला असते, म्हणून दिवसा घरी. तव्यावर बोटभर लांबीचे सुके मासे होते. शेजारी वाटीत लसूण ठेचून घातलेलं व्हिनेगर आणि पातेलंभर भात. आपण आंबटाला कोकम घेऊ, ती व्हिनेगर घेते, एवढाच काय तो फरक. मी हाताने जेवायला लागले तशी तिनेही चमचा बाजूला ठेवला. तिच्या गावीही असंच जेवतात म्हणाली, इथे आल्यावर सवय गेली.

जेवण होतंय तोवर मशिदीतून दुपारनंतरची बांग झाली. तिने हात धुतले, टीव्ही लावला, एका कानात इयरफोन खुपसला आणि पुढचा तासभर ती टीव्हीशी बोलत बसली. चिडली, हसली, दोनदा कपाळावर हात मारला, एकदा डोळे पुसले. मी मनात म्हटलं, रात्रपाळी, अपुरी झोप, एकटा जीव, व्हायचंच असं. घरात एकटी असले की मीही टीव्हीवरच्या लोकांना बोलते. पण बोलून झाल्यावर उत्तरासाठी मी थांबत नाही. ही थांबत होती.

वेणीवाली, म्हातारी आणि मोतीवाली

पडद्यावर काय चाललंय हे बघायला म्हणून मी मान वळवली आणि बघतच राहिले. माड! ओळीने लावलेले, वाऱ्याने एका अंगाला झुकलेले. मागे फणस. झापांनी शाकारलेली झोपडी, दारात बांधलेली शेळी. ज्या आगरांच्या पीकपाहणीत माझी सगळी नोकरी गेली तसलंच एक आगर, आणि ते मी रियाधमध्ये सोफ्यावर बसून बघत होते.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी परत गेले. मग रोजच.

आता मला लोक विचारतात की भाषा कळत नसताना तू बघत काय होतीस. पहिले चार दिवस बाग बघत होते, हे खरं आहे. नंतर त्या बागेत राहणारी म्हातारी बघायला लागले. ती विटका झगा घालून नारळ सोलायची, लांब वेणी घातलेल्या तरण्या पोरीला दिवसभर बोल लावायची आणि जेवताना माशाचा मधला तुकडा न बोलता तिच्या ताटात सरकवायची. हे समजायला भाषा कशाला लागते? त्या मालिकेत रोज कोणीतरी कोणाच्या तरी थोबाडीत मारायचं, आणि मारलेली थोबाडीत तीन बाजूंनी दाखवायचे. बेशुद्ध माणूस नेमका शुक्रवारी शुद्धीवर यायचा आणि त्याला काही आठवायचं नाही. हे सगळं आपल्याकडेही आहे. पण तिथल्या बायका रडतात तेव्हा त्यांचं नाक लाल होतं, आणि गरिबाघरच्या पोरीचा सदरा खरंच उसवलेला असतो. मला ते फार आवडलं.

नाती मात्र काही केल्या लागेनात. मरिसेल सांगायची, ही हिची आते. आते म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण, हे कळायला मला दोन दिवस लागले. पण मग मासळीवालीही आते, नर्सही आते, आणि मरिसेल मलाही आते म्हणायला लागली. शेवटी मी रेश्माकडून एक वही मागून घेतली आणि वंशावळ काढायला बसले. वारस नोंदीच्या वेळी काढायचे तशीच, प्रत्येकाला चौकोन आणि मध्ये रेघा. वेणीवाली म्हातारीला नानाय म्हणायची. नानाय म्हणजे आई, असं मरिसेलनेच सांगितलं. म्हणून मी वर म्हातारी, खाली वेणीवाली अशी सरळ रेघ मारली.

राहिली ती मोतीवाली. गळ्यात मोत्यांची माळ, मोठी गाडी, परदेशातून आलेली. ती बागेच्या कडेला गाडी थांबवून झोपडीकडे टक लावून बघायची, वकिलाकडून कागद करून घ्यायची. असली माणसं मी नोकरीत खूप पाहिली आहेत. आयुष्यभर तिकडे राहायचं आणि जमिनीला भाव आला की मोठी गाडी घेऊन गावात यायचं. मी तिचा चौकोन बाजूला काढला आणि त्यात लिहिलं, "तिऱ्हाईत. बागेवर डोळा."

मरिसेलला मी बोट वर करून सांगितलं, "ओल्ड लेडी राइट. पझेशन हर. रिच लेडी, नो राइट."

मरिसेलने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "ती वाईट नाहीये, आते."

"तुला जमिनीतलं कळत नाही," मी म्हटलं.

तिने इयरफोन कानात घातला आणि त्या दिवशी माझ्याशी बोललीच नाही. मलाही राग आला. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी तीनला पाच कमी असताना पाय आपोआप जिना उतरायला लागले, आणि तिने दार उघडंच ठेवलं होतं.

बथ्था, एका शुक्रवारी

जुईच्या प्रवासाची पिशवी आणि दुधाच्या बाटल्या घ्यायच्या होत्या. मरिसेलला सुट्टी होती, ती म्हणाली चल. रियाधची मेट्रो नवीकोरी आहे आणि तिला ड्रायव्हर नसतो. अगदी पुढच्या काचेला नाक लावून उभं राहता येतं. मी राहिले. बोगद्यात शिरताना मी नकळत ब्रेक दाबला.

बथ्था हा जुना बाजार. मल्याळी, बंगाली, उर्दू, नेपाळी पाट्यांची एवढी दाटी की अरबी पाटी शोधावी लागते. एका दुकानात मला पोहे मिळाले, तेही चांगले जाड. मग मरिसेल मला फिलिपिनो किराणा दुकानात घेऊन गेली. सुक्या मासळीच्या पाकिटांची अख्खी भिंत होती. मी पाकिटं हुंगून बघत होते आणि तेवढ्यात तीन वाजले.

वर टांगलेल्या टीव्हीवर आमची मालिका सुरू झाली आणि दुकान थांबलं. हातात टोपल्या घेतलेल्या बायका होत्या तिथेच उभ्या राहिल्या. गल्ल्यावरच्या बाईने खुर्ची वळवली. त्या दिवशी नेमकं काय दाखवलं, तर मोतीवाली पावसात, चिखलात, म्हातारीच्या दारासमोर गुडघे टेकून बसली आहे आणि म्हातारी आतून कडी लावून घेते. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने ओरडले, "शाब्बास म्हातारे!"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रडत होत्या. एकीच्या पायात नर्सचे पांढरे बूट होते, एक कोणाच्या तरी घरकामाच्या गणवेशात होती, आणि सगळ्या त्या मोतीवालीसाठी रडत होत्या. गणवेशातल्या बाईने तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचंच काही हिसकावून घेतलं होतं. मरिसेलने माझा दंड धरला.

"यल्ला, चल, आते. मेट्रो चुकेल."

मेट्रो दर काही मिनिटांनी असते. वाटेत मी तिला विचारलं की एवढ्या कामकरी बायका त्या गाडीवालीसाठी का रडतात. तिने उलट मला पोह्यांचा भाव विचारला. माझी वही पिशवीतच होती, ती काढून मी मोतीवालीचा चौकोन पुन्हा तपासला. चूक काही सापडली नाही.

समुद्र

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी विमानाने जेद्दाला आणि तिथून संदेशच्या गाडीने त्याच्या शहरात गेलो. तिथे रस्ते मोठे, दुतर्फा नळीने पाणी प्यायलेली झाडं, आणि माणसांपेक्षा दिव्याचे खांब जास्त. संदेश दोन जणांबरोबर एका खोलीत राहतो, तिथे कुटुंब चालत नाही. सुट्टीवर गेलेल्या एका सोबत्याने दोन दिवसांसाठी घर दिलं होतं. संदेशने हामूर नावाच्या माशाचं कालवण केलं. कोकम माझ्या पिशवीतलं. रत्नागिरीत बसून जेवतोय असं वाटलं.

त्याने जुईला घेतलं तशी ती किंचाळायला लागली. रडून रडून काळीनिळी झाली. त्याने थोपटलं, गाणं म्हटलं, खांद्यावर घेतलं, शेवटी माझ्याकडे दिली आणि ती गप्प झाली.

"असू दे. ओळख नाही ना अजून," तो म्हणाला आणि कांदा चिरायला गेला. कालवण तर कधीच झालं होतं.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. तिकडचा समुद्र लाटांशिवाय असतो, पाय बुडवून उभं राहिलं तरी कोणी ओढत नाही. संदेश मला म्हणाला, "आई, तुम्ही नेलंत तिला, की आम्ही दोघं निर्धास्त."

"तू काळजीच करू नकोस," मी म्हटलं. "शेजारी गाय आहे, अंगण आहे. पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढेल."

रेश्मा जुईचे लंगोट बदलत होती. तिने मान वर केली नाही. मी मात्र फार खुशीत होते. हे गेल्यापासून एवढी खुशीत मी नव्हते.

रेघ बदलली

परतीला दहा दिवस राहिले. मालिकाही संपत आली होती. वंशावळ पुरी करावी म्हणून मी वही मरिसेलपुढे धरली. तिने चष्मा लावला, इयरफोन काढला आणि हातातला फोन पहिल्यांदाच टेबलावर उभा ठेवला. फोनमध्ये एक मुलगी होती. एकोणीस-वीसची, चष्मेवाली, काहीतरी चघळत असलेली. तिच्या मागून आमच्याच मालिकेचा आवाज येत होता.

"माझी मुलगी. क्रिसेल," मरिसेल म्हणाली.

म्हणजे एवढे दिवस ही टीव्हीशी बोलतच नव्हती! इथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा तिच्या गावी रात्रीचे आठ. मायलेकी रोज एकाच वेळी एकच मालिका लावतात आणि फोन चालू ठेवतात. क्रिसेल नऊ वर्षांची असल्यापासून असंच. एक मालिका संपली की दुसरी.

"पण बोलता काय तासभर?" मी विचारलं.

"हेच. मालिका. दुसरं काहीही विचारलं की ती ओके म्हणते. जेवलीस? ओके. अभ्यास? ओके. बरं नाहीये का? ओके, खलास. पण मालिकेवरून तासभर भांडते माझ्याशी."

मग तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली. म्हातारी आणि वेणीवाली यांच्यातली माझी रेघ खोडली. मोतीवालीचा चौकोन बाणाने मध्ये आणला. वर म्हातारी, तिच्या खाली मोतीवाली, तिच्या खाली वेणीवाली.

"ही आई," मोतीवालीवर पेन्सिल टेकवून ती म्हणाली. "पोर पाच महिन्यांची असताना ही कामाला परदेशी गेली. म्हातारीने वाढवलं, म्हणून पोर म्हातारीलाच नानाय म्हणते."

"मग म्हातारी?"

"आजी."

मरिसेल वही माझ्याकडे सरकवत म्हणाली, "आमच्यातही तसंच आहे. क्रिसेल माझ्या आईला नानाय म्हणते. मला मरिसेल म्हणते."

काहीतरी बोलायचं म्हणून मी फोनमधल्या मुलीला विचारलं, शेवटी वेणीवालीने कोणाकडे राहावं? क्रिसेलने चघळणं थांबवलं आणि तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. मरिसेलने मला ती इंग्रजीत सांगितली. "तिने आईला माफ करावं. पण राहावं बागेतच, नानायजवळ."

मग मरिसेल हसली. "गोष्टीसाठी तेच बरोबर आहे," म्हणाली आणि भांडी घासायची राहिली आहेत असं सांगून उठली. बेसिनमध्ये एकही भांडं नव्हतं.

स्वयंपाकघर

दुसऱ्या दिवशी रेश्मा दुधाच्या बाटल्या उकळत होती आणि मी पोहे परतत होते. तिला मालिकांचा तिटकारा. तरी मी तिला सगळं सांगितलं, बाग, थोबाडीत, चिखल, वही. क्रिसेलचंही सांगितलं.

"आता तूच सांग, यात चूक कोणाची?" मी म्हटलं. "म्हातारीची तर नाहीच. तिने बिचारीने पोर सांभाळलं."

"म्हातारीची नाही," रेश्मा म्हणाली. "त्या मोतीवालीचीही नाही."

"मग?"

"तिला कोणी विचारलं होतं का? पोर नेऊ का, ठेवतेस का, असं?"

"कोणाला?"

"त्या मोतीवालीला." तिची पाठ माझ्याकडे होती. कान लाल झाले होते.

मी गॅस बंद केला. तलाठी म्हणून मी एवढी वर्षं काम केलं. संबंधितांना नोटीस बजावल्याशिवाय एकही फेरफार मी पुढे पाठवला नाही. माणूस मुंबईला असो, तुरुंगात असो, भावाशी बोलत नसो, त्याच्या नावाची नोटीस जायचीच, आणि हरकत घ्यायला मुदत मिळायचीच. आणि इथे, आम्ही तिघांनी फोनवर ठरवलं तेव्हा रेश्मा ड्यूटीवर होती. संदेशने तिला नंतर कळवलं. ती "ओके" म्हणाली होती, असं तो म्हणाला होता.

"रेश्मा, जुईला ठेवायचंय का तुला?"

"आत्ता विचारतेस? तिकीट काढल्यावर?"

"आत्ता विचारते."

तिने एक बाटली पुसली, मग तीच परत पुसली. "नको नेऊस, आई," म्हणाली. "पण मग काय करायचं ते मलाही कळत नाहीये."

मी तिला जवळ घेतलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही घेतलं. मला राग आला. कोणीतरी माझ्या हातातून पोर काढून घेतंय असं वाटलं आणि मी बोलत सुटले. नोकरीचं काय, इकाम्याचं, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचं काय, पाळीला गेलीस की पोर कोण बघणार, संदेशची आई काय म्हणेल. त्यातलं एकही खोटं नव्हतं, पण मी ते तिच्यासाठी बोलत नव्हते. खरं सांगायचं तर जुई मला हवी होती. घरात कोणीतरी रडणारं, हसणारं हवं होतं, आणि त्याला मी सगळ्यांची सोय असं नाव दिलं होतं. हे मला तिथे, ओट्यासमोर, पोहे गार होत असताना कळलं आणि मी खुर्चीत बसले.

पुढचे चार दिवस नुसते फोन. संदेश आधी चिडला, मग त्याने कंपनीकडे फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज केला. रेश्माने राजीनामा दिला. एवढ्या वर्षांची नोकरी, तीही डायलिसिससारख्या विभागातली. ती आता त्या खांबांच्या शहरात जाऊन घरी बसणार. विहीणबाई माझ्याशी बोलत नाहीत. हे बरोबर झालं की चूक, मला सांगता येत नाही.

मालिकेचा शेवटही मला कळला नाही. एक लग्न झालं, मेलेला एक माणूस परत आला आणि तिघी एका पानावर जेवायला बसल्या. मरिसेल आणि क्रिसेल दोघी एकदम रडत आणि हसत होत्या. मी विचारलं, "अगं, पण ती राहिली कोणाकडे?"

"सोमवारी नवीन सुरू होतेय," मरिसेलने डोळे पुसत सांगितलं. "त्यात जुळ्या बहिणी आहेत."

निघताना मी हस्तांदोलनाला हात पुढे केला. तिने तो धरून खाली वाकून कपाळाला लावला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना नमस्कार असा करतात. मला काय माहीत? मी हात हलवायला गेले आणि तो तिच्या नाकावर आपटला.

घर

बेत बदलला हे गावात मी कोणालाच कळवलं नव्हतं; यायचा दिवस मात्र सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता. काय सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि थोडी लाजही वाटत होती. चिपळूणहून रिक्षा केली. दारात पोचले तर अंगण झाडलेलं, उंबऱ्यात रांगोळी, पाच-सात बायका उभ्या. शेजारच्या सुनंदावहिनी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या. पहिल्यांदा घरी येणाऱ्या बाळावरून ओवाळून टाकायला.

मी उतरले. वहिनी माझ्यामागे रिक्षात बघायला लागल्या. रिक्षावाल्याने एक बॅग काढून ठेवली आणि तो निघून गेला.

"तलाठीबाई, बाळ?"

"बाळ तिच्या आईजवळ आहे," मी म्हटलं.

वहिनींना काय कळलं कोण जाणे. हातातल्या तुकड्याचं काय करावं हेही त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो माझ्याच अंगावरून ओवाळला आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. विमानतळापासून माझा डोळा ओला झाला नव्हता. त्या पाण्याबरोबर मी उंबऱ्यातच हमसून रडायला लागले. बायका घाबरल्या, जुईचं काही बरंवाईट झालं असं त्यांना वाटलं, दोघी-तिघी तर माझ्याबरोबर रडायलाही लागल्या.

"अगं, बरं आहे बाळ," मी एकेकीला धरून सांगत होते. "छान आहे. आईजवळ आहे."